सातवं माप

(निपाणीजवळचं एक गाव, साल १९३७. जत्रेचा दुसरा दिवस, सकाळ. काल देवळापुढं मानाचा दारूचा बाण सोडताना हातातच फुटला आणि मष्णूच्या घरजावयाची, भरमूची, तीन बोटं गेली. बाण भरला होता मष्णूनं. सोप्यात बाप-लेक समोरासमोर आहेत. लेक उठल्यापासून धुमसते आहे आणि म्हाताऱ्यालाही ते चांगलं ठाऊक आहे.)

आक्काताई : न्हाय, आप्पा, तोंड फिरवू नगा. काल सांजचं चावडीत काय सांगून आलासा, त्येवडं माझ्यापुढं सांगा.

मष्णू : जे झालं ते सांगितलं. भरमूनं काठी सोडली न्हाय. मूठ आवळून धरली. बाणाला वर जायाला वाट मिळाली न्हाय, फुटला.

आक्काताई : मूठ आवळली! धा वरसं झाली ह्येनी बाण सोडत्यात. चिमटीत धरत्यात काठी, पेटला की मोकळी. आनी काल नेमकी मूठ आवळली?

मष्णू : माणूस चुकतोय.

आक्काताई : व्हय, माणूस चुकतोय. कंचा माणूस, त्येच इचारते मी.

मष्णू : जिभेला आवर घाल. पंचांचं बोलावणं येतंय आत्ता.

आक्काताई : म्हणून तर बोलते. ज्येच्या चुकीनं देवाचा बाण फुटला, त्येनं देवळाच्या पायरीवर नाक घासायचं आनी जन्मात परत बाणाला हात लावायचा न्हाय. ठावं हाय न्हवं? बोटं घालवून बसलाय त्यो माणूस, आनी त्येनंच नाक घासायचं? मच्छे गावासनं आणलासा तवा माझा पोरगाच हाय म्हणून गावभर सांगत हुतासा. आता परका झाला व्हय?

मष्णू : परका न्हवं गं. पर नीट ऐक. त्येच्या नावावर गेलं तर त्येच्या एकट्याचा मान जातोय. माझ्या नावावर गेलं तर घराचा जातोय. सहा पिढ्यांचा. पाटील उद्याच्या उद्या कोल्हापूरकडचा बाणवाला आनल. मग तुमी खाणार काय? कोळसा?

आक्काताई : तुमच्या नावावर? तुमच्या नावावर कशापायी जाईल?

मष्णू : ...बोलायची रीत असती.

आक्काताई : रीत न्हवं ती. सातवं माप हाय, आप्पा.

मष्णू : कसलं सातवं माप?

आक्काताई : परवा दुपारचं. तुमी आत नळीत दारू ठोकत हुतासा, मी भाईर कोळसा चाळत हुते. दारूच्या एका मापाला बारा ठोके, ठोक्याला एका गावाचं नाव. निपाणी, यमगर्णी, सौंदलगा, कोगनोळी. जन्मल्यापासनं ऐकते मी, झोपेत सांगीन. सातव्या मापाला कोगनोळीपतूर आलासा आनी पाटलाचा गडी दारात उभा ऱ्हायला. बाण झाला का, म्हनला.

मष्णू : व्हय. आलता.

आक्काताई : तुमी मधीच बोललासा. झाला झाला, म्हनलासा. आनी परत मोगरी उचललीसा ती थेट गळतग्याला. मधली चार गावं गाळलीसा. अर्ध्यात तोंड उघडलं तर ते माप खरडून काढायचं आनी नवं घालायचं, ह्यो नेम कुणाचा?

मष्णू : चार ठोक्यांनी काय हुतंय?

आक्काताई : मला इचारतासा? आल्या-गेल्याला तुमीच सांगत आलासा की. दारू घट्ट बसली तर थराथरानं जळती, धूर खालच्या तोंडानं निघतोय, म्हणून बाण चढतोय. एक थर ढिला ऱ्हायला की आग त्यात घुसती, समदी दारू एका दमात पेटती. मग धुराला त्येवडं तोंड पुरत न्हाय, नळीच फाटती. काल काय झालं मग? ह्येंचा हात मी धुतलाय, मी. बोटांचा चेंदा झालाय, पर तळव्याला ओरखडा न्हाय. मूठ आवळली असती तर तळवा ऱ्हायला असता का?

मष्णू : खरडत बसलो असतो तर सांज झाली असती. गडी दारात, पाटील वाट बघतोय. म्हातारा आता ढिला पडला, म्हनाली असती लोकं.

आक्काताई : लोकं! लोकांपायी!

मष्णू : आनी तू गं? तू ऐकलीस म्हणतीस. मग बोलली का न्हाईस? तुझ्याच नवऱ्याच्या हातात जाणार हुता बाण. ऐकून बी चाळत बसलीस? आं? बोल की आता!

आक्काताई : ही भुवई बघा.

मष्णू : ते कशाला आता.

आक्काताई : बघा. आट वरसांची हुते. तुमी ठोकत हुतासा, आनी आप्पा जेवाय चला, येवडं म्हनले. मोगरीच फेकून मारलीसा. मोगरी चालू असताना घरात कुनी बोलायचं न्हाय. शिकले मी, लई चांगलं शिकले. परवा चार गावं गळाली ते कळलं, तरी चाळण धरून गप बसले. म्हनलं, आप्पास्नी कळलं असंल, खरडतील. कालपासनं त्येच खातंय मला. तुमचा राग येतोय त्येच्या दुप्पट माझा मला येतोय.

मष्णू : रडू नगंस.

आक्काताई : रडत न्हाय मी! अंगाची आग झालीया माझ्या. भरमूची काय बी चूक न्हाय.

मष्णू : नवऱ्याचं नाव घेतीस?

आक्काताई : घेते. तुमी चार माणसांत घेतलासा, मी माझ्या घरात घेते. भरमूनं काठी सोडली हुती. तुमी न्हाय बोललासा तर चावडीत जाऊन बी हेच सांगीन.

मष्णू : बाईमाणूस चावडीत? थुकतील लोकं.

आक्काताई : थुकू द्यात.

मष्णू : सहा पिढ्या, आक्काताई. माझ्या आज्जाच्या पणज्यापासनं.

आक्काताई : त्या सहा पिढ्यांतल्या कुनी बोटं दिली न्हाईत, आप्पा. त्या माणसानं दिली. आनी वर खोटं बी त्येच्याच माथी मारलासा. लाज कशी वाटत न्हाय तुमास्नी?

मष्णू : ...वाटती.

आक्काताई : काय?

मष्णू : वाटती म्हनलो. कळलं हुतं मला. मागनं न्हवं, ठोकतानाच कळलं. घट्ट माप टण्ण बोलतंय, ढिलं भद्द वाजतंय. सातवं भद्द वाजलं. कानानं ऐकलं आनी वर आठवं माप वतलं.

आक्काताई : आप्पा!

मष्णू : वरडू नगंस आता. जातो चावडीत. माझं नाव सांगतो, नाक बी मीच घासतो. मान गेला तर जाऊ द्या.

आक्काताई : आनी ह्येनी? ह्येंस्नी कोण सांगणार?

मष्णू : झोपलाय न्हवं त्यो?

आक्काताई : मघा डोळा लागला हुता.

मष्णू : उठला की सांगतो. त्येच्या तोंडाकडं बघून आत्ता जमायचं न्हाय मला. आधी चावडीत जाऊन येतो. माझा फेटा कुटं ठेवलाईस?

भरमू, आतल्या खोलीतून : खुंटीला हाय, मामा.