ओढ्याचं भाडं

प्रदूषण कार्यालयाच्या बाकावर माझ्या शेजारी भाऊ-बहीण बसले होते. दोघांचा भागीदारीत कापड रंगवायचा कारखाना होता.

“ताई, साहेब दोन लाखांवर तडजोडीला तयार आहेत. सही करायची आणि सुटायचं.”

“आणि सांडपाणी साफ करायचं यंत्र?”

“ते वर्षभर बंद ठेवून नऊ लाख वाचले. दोन भरले तरी सात उरतात.”

“मग तो दंड कसला? ते तर ओढ्याचं भाडं झालं!”

“हळू बोल गं, लोक ऐकतायत.”

“ऐकू देत. लालभडक ओढा त्यांनी पाहिलाच आहे.”

“बरं, तुझ्या मते किती भरायचे?”

“वाचवलेले सगळे नऊ. शिवाय ओढ्याकाठच्या रोपवाटिकेवालीची रोपं आपल्या पाण्यानं जळाली, त्यांची भरपाई.”

“म्हणजे आपणच आपल्या पायावर धोंडा मारायचा? नऊ वाचले हे साहेबांना कुठून कळणार?”

“कळलंय. सकाळी मीच फोन करून सांगितलं.”

“ताई! तू माझी बहीण आहेस की त्यांची?”

“तुझीच. म्हणून तर दंडाचे हप्ते बांधून घेतले. यंत्र मात्र सोमवारपासून सुरू करायचं.”

“वा! आणि ते बंद ठेवू या, असं पहिल्यांदा कोण म्हणालं होतं?”

“मीच.”

“मग?”

“मग काय? आण तो पेन इकडे. पहिली सही माझी.”