दक्षिणंचं दार

सात रस्त्याजवळच्या कचेरीत बेघरांच्या अर्जाची रांग होती. माझ्यापुढं दोघी बोलत होत्या.

“केराबाई, तुला सरकारी घर मिळालं की. मग परत रांगंत?”

“मिळालं, पन दार दक्षिणंला. त्यात कोन ऱ्हानार? मेंढरं कोंडली.”

“आन तुमी?”

“भाईर, छपरात.”

“साहेब तपासायला आला न्हाय व्हय?”

“आला की. मेंढरं चरायला गेलती. त्यो म्हनला, रातीला आत किती झोपत्यात? मालकांनी खरं त्ये सांगितलं, बावीस.”

“मग?”

“लई हळहळला. म्हनला, एवढ्याशा खोलीत बावीस? दुसऱ्या घराचा अर्ज करा.”

“म्हंजी आता तुमची सोय झाली.”

“दार कुनीकडं निघतंय बघू. दक्षिणंलाच असलं तर शेरडांला हुईल.”