पंधराव्या सोमवारचं उद्यापन

—नाही रे सुयोग, सोळावा नव्हता, पंधरावाच सोमवार होता तो, तेच तर सांगतेय. सोळा सोमवारांचं व्रत धरलेलं मी, अक्षता व्हावी म्हणून, आणि उद्यापन उरकलं पंधराव्यालाच — का? तर नणंद मालवणला परत चाललेली, तिच्या हातावर चूर्म्याचा प्रसाद पडायला हवा. एकच तर राहिलाय, होईलच की, म्हटलं. सगळी चाळ येऊन पाया पडून गेली — आणि पुढच्या सोमवारी मी तापाने फणफणले, सासूबाईंनी बळेच पेज पाजली. बाहेर सगळं पुरं, आत एक सोमवार रिकामा.

चहा घे ना, निवतोय. अक्षता खाली औषधं आणायला गेलीय, तोवर बोलून घेते. मी तिला समजवावं म्हणून आलायस, कळतंय मला. तुम्ही दोघं ऑफिसात बनवताय त्या डायलिसिसच्या ॲपवर वेळ मागायचं बटण दाबलं की लगेच हिरवी खूण दिसली पाहिजे, माणसं थांबत नाहीत — हेच ना? अरे, तिने ओट्याशी उभं राहून सांगितलंय मला सगळं. पडद्यावर बटण एक, पण मागे तू मांडलेल्या सेवा तीन — एक वेळ बघते, एक रिपोर्ट, एक मशीन मोकळं आहे का ते. तिघी आपापल्या सवडीने उत्तर देणार. मग पडद्यावरही तसेच तीन खाने हवेत, म्हणते ती — वेळ मिळाली, रिपोर्ट पोचले, मशीनचं विचारतोय, थांबा. मला पटतं बाबा. भात शिजायच्या आधी पाहुण्याला पानावर बसवलं, तर तो काय रांगोळी खाणार?

काय म्हणालास? शंभरात एकालाच चुकीची खूण जाते?

हळू बोल. ते एक आत झोपलेत.

हो, अक्षताचे बाबा. बोलायचं नव्हतं मला हे, निघून गेलं तोंडातून. गेल्या महिन्यात, शुक्रवारी — फोनवर हिरवी खूण आली, मी देवापुढे साखर ठेवली, रिक्षाने ह्यांना मुलुंडच्या सेंटरवर नेलं, तर तिथली मुलगी म्हणते, काकी, तुमचं नावच नाही, मशीन दुसऱ्यांना दिलंय. मी फोन दाखवतेय, खूण दाखवतेय — ती तरी काय करणार? सोमवारपर्यंत ह्यांचे पाय सुजून खांब झाले, श्वास पुरेना, ॲडमिट केलं. अक्षताला काय सांगितलं? मीच वार चुकले. चिडली माझ्यावर, ‘आई, नीट वाचत का नाहीस गं तू!’ — घेतलं ऐकून. आत्ताच्या ॲपमधली ती खूण तिनेच बनवलेली ना, तुझ्या सांगण्यावरून. कळलं तर परत हात लावेल का ती कामाला?

नको, माफी नको मागूस. नवीन ॲप आज पाचला लोकांच्या फोनवर जाणार ना? पावणेपाच झालेत. ऑफिसात फोन लाव, सांग त्यांना, तिघींचा होकार आल्याशिवाय खूण नाही. वेळ लागेल? लागू दे. मी ताप उतरल्यावर पहिल्या सोमवारापासून परत धरलं होतं, चाळ हसली, पण सोळाही केले. तूही तसंच कर बाळा — पहिल्यापासून.

लिफ्ट आली. तीच असेल. ह्यांचं तिच्यासमोर काढू नकोस हं — लाव, लाव फोन.