पंख लावलेली घोडी

डॉक्टरबाई : बसा ना काका. उभ्या उभ्या काय बोलायचं?

घोडेवाला : बसायला नाही आलो बाई. हो की नाही, तेवढं सांगा. तुमच्या पुस्तकातली ही घोडी म्हणजे आमची म्हातारीच ना?

डॉक्टरबाई : कुठली घोडी?

घोडेवाला : पंख लावलेत तिला, बाकी सगळी तीच. कपाळावर अर्धा चंद्र, डावा कान फाटका, भूक लागली की उजव्या टापेनं बादली वाजवते. गेल्या वर्षी टेम्पोत घालून आणली होती इथं. कशानं मेली ते बघायला.

डॉक्टरबाई : ...तीच आहे.

परिचर : काका, तुमची घोडी तरी नशीबवान. पंख मिळाले. मी वीस वर्षं या प्रयोगशाळेत बाईंच्या हाताखाली आहे, मला गुहेतला राक्षस केलंय. मिशांना वास येणारा.

डॉक्टरबाई : तुम्ही गप्प बसता का जरा? काका, त्या दिवशी तुम्ही बोलत होता आणि मी फॉर्म भरत होते. फॉर्मात मावलं नाही ते घरी जाऊन वहीत लिहिलं. तुम्हाला विचारायला हवं होतं. चुकलंच माझं.

घोडेवाला : त्याचं काही नाही हो. नात रोज मला दोन पानं वाचून दाखवायची. अर्धा चंद्र आला तेव्हा आम्ही दोघं टाळ्या पिटत होतो. मग ते पान आलं.

डॉक्टरबाई : कुठलं?

घोडेवाला : म्हातारा रखवालदार गवताच्या भाऱ्यातून कण्हेरीचा पाला खाऊ घालतो, ते. स्वतःच्या हातानं. आणि पहाटे पंख मिटतात.

डॉक्टरबाई : काका, ती गोष्ट आहे.

घोडेवाला : आमच्या कुंपणाला कण्हेर होती. त्या सकाळी कुंपणाजवळचं गवत मीच कापलं, मीच घातलं. वर गाजर दिलं. दुपारी ती पोटदुखीनं लोळायला लागली.

डॉक्टरबाई : पण मी अहवाल दिला होता की! त्यात स्पष्ट लिहिलंय, विष नाही, कुणाची हयगय नाही.

घोडेवाला : दिला होता. नातीनं वाचला. पण तुम्ही तो माझ्या तोंडाकडे बघून लिहिलात, असं वाटलं मला. म्हाताऱ्याला कशाला दुखवा. पुस्तकात कुणाच्या तोंडाकडे बघायचं नसतं, तिथं माणूस खरं लिहितो.

परिचर : अरे देवा.

डॉक्टरबाई : उलटं आहे हो काका, अगदी उलटं! अहवालात मी एक अक्षर खोटं लिहीत नाही. पुस्तकात पानोपान खोटं लिहिते.

घोडेवाला : मग कण्हेर कुठून आली?

डॉक्टरबाई : तुमच्याच तोंडून. भोवताली काय काय उगवतं, असं मी विचारलं, तुम्ही कण्हेर म्हणालात. म्हणून तर तिच्या पोटातलं गवत काडी काडी करून भिंगाखाली पाहिलं. अख्खी दुपार गेली. कण्हेरीचा तुकडाही नव्हता.

घोडेवाला : मग त्या रखवालदाराच्या हातात का दिलीत?

डॉक्टरबाई : गोष्टीत कुणाचा तरी हात लागतो, काका. उगाचच मेलेली घोडी वाचकाला पटत नाही. इथं रोज उगाचच मेलेली जनावरं येतात, मला ती पटतात. पण लिहायला बसले की धीर होत नाही.

घोडेवाला : मी कण्हेर मुळासकट उपटली. पण हात कुठं उपटून टाकू? ते पान ऐकून सात महिने झाले, कुठल्याच जनावराला हातानं घास दिला नाही. आता शेजारची घोडी विताना गेली. चार दिवसांचं शिंगरू माझ्या दारात आणून ठेवलंय. म्हणे, काका, तुमच्याशिवाय कोण जगवणार.

डॉक्टरबाई : मग पाजतं कोण?

घोडेवाला : नात. दोन-दोन तासांनी बाटली. तिची परीक्षा तोंडावर. मी लांब उभा राहून सांगतो, पण पोर त्याची मान वर उचलून धरते.

डॉक्टरबाई : वर? दूध श्वासनळीत जाईल ना! खोकतंय का?

घोडेवाला : कालपासून.

डॉक्टरबाई : आणि तुम्ही इथं माझं पुस्तक घेऊन आलात?

घोडेवाला : त्याच्यासाठीच आलो. बाटली घ्यायला हात पुढे करतो आणि मागे घेतो. म्हटलं, एकदा खरं ऐकू. दोषी असेन तर असेन.

डॉक्टरबाई : ती सतरा नंबरची बरणी आणा बरं.

परिचर : आणली. बघा काका, घाबरू नका, औषधाच्या पाण्यात आहे.

घोडेवाला : लिंबासारखं दिसतंय. शेपूट आहे त्याला.

डॉक्टरबाई : चरबीची गाठ आहे, अहवालात लिहिलेली. शेपूट म्हणजे तिचा देठ. म्हाताऱ्या घोड्यांच्या पोटात होतात अशा. देठावर लोंबत राहतात, वर्षानुवर्षं काही करत नाहीत. मग एक दिवस देठ आतड्याला वेटाळतो आणि फास बसतो.

घोडेवाला : ही आमच्या म्हातारीची?

डॉक्टरबाई : तिचीच. चिठ्ठीवर तारीख वाचा. कॉलेजच्या मुलांना शिकवायला ठेवलीय.

घोडेवाला : आधी कळलं असतं तर?

डॉक्टरबाई : बाहेरून कुणालाच कळत नाही. तुमच्या जागी मी असते तरी कळलं नसतं.

घोडेवाला : आणि ते गाजर?

डॉक्टरबाई : होतं जठरात. नीट चावलेलं. जनावर चवीनं खातं तसं.

घोडेवाला : ...चवीनं?

परिचर : काका, पाणी घ्या. बाईंनी माणसं रडवायला पुस्तकं लिहावीत, बरण्या नकोत.

डॉक्टरबाई : पुढच्या आवृत्तीत ते पान बदलते मी. शब्द देते.

घोडेवाला : नका बदलू. ते पान वाचताना नात मला चिकटून बसली होती. पण त्या रखवालदाराचं पुढं काय होतं?

डॉक्टरबाई : दुसऱ्या भागात तो डोंगरावर एकटाच राहतो. कुणी त्याच्याशी बोलत नाही.

घोडेवाला : त्यानं मुद्दाम घातला होता का पाला?

डॉक्टरबाई : नाही हो. अंधारात कापला, कळलं नाही.

घोडेवाला : मग कुणाला तरी त्याच्याकडे पाठवा. जेवायला बोलवा एकदा. लेखणी तुमच्याच हातात आहे ना?

डॉक्टरबाई : ...बोलावते.

परिचर : राक्षसाला पाठवा बाई. रिकामाच बसलाय गुहेत.

घोडेवाला : तुमचा फोन जरा देता? घरी लावायचाय.

डॉक्टरबाई : हा घ्या. आणि मी छाती तपासायची नळी घेऊन तुमच्याबरोबर येतेय. शिंगरू बघायचंय मला.

घोडेवाला (फोनवर) : हॅलो... हो गं, मीच. दूध कोमट करायला ठेव. मनगटावर थेंब टाकून बघ... नाही, तू नको पाजूस. त्याला पडू दे निवांत. मी येतोय, मी पाजतो.