उजव्या हाताचा स्कोअर

...नाही नाही, गेमच्या ग्राफिक्सचं मला सांगूच नका! आमचा निनादही तेच सांगतो. "बाबा, मतलब, घास का एक-एक पत्ता दिखता है!" अरे दिसत असेल, पण मला काय गवत कापायचंय? मला, तुम्हाला सांगतो, एकच हवं होतं... हात हलला पाहिजे!

कुणाचा म्हणजे? आमच्या हिचा, विभाचा! इन्शुरन्समधली बदली घेऊन साताऱ्याहून जयपूरला आलो, विद्याधर नगरात सामान लावलं, आणि आठव्या महिन्यात हिला अर्धांगाचा झटका. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजवा हात मात्र रुसला तो रुसलाच. फिजिओथेरपीवाल्या मॅडम म्हणाल्या, "अंकलजी, खेल-खेल में कराओ, बस हाथ हिलना चाहिए!" झालं! जन्मात पत्त्यांपलीकडे काही न खेळलेला माणूस गेमचे डबे हुडकत हिंडायला लागला!

निनादचा काळा डबा घरात होताच. गेम काय एकेक! घोडे काय, डोंगर काय, सूर्यास्त तर असा की चहा घेऊन बघत बसावं... पण खेळायचं कसं? सोफ्यावर पसरून, अंगठ्यांनी! आणि अंगठे दोन्ही हातांचे लागतात हो! म्हणजे बाद. हात हलला पाहिजे!

मग इथल्याच सोडाला भागातल्या एका दुकानातून वापरलेला, कॅमेऱ्यावाला आणला. दुकानदार म्हणाला, "इसमें रिमोट ही नहीं, आप ही रिमोट हो!" म्हटलं वा! घरी लावला, तर त्यानं आधी खिडकीच्या पडद्यालाच खेळाडू धरलं. पंख्याच्या वाऱ्यावर आमचा पडदा टेनिसमध्ये दोन पॉइंट पुढे! पडदा बांधला, हिला समोर उभी केली, तर टीव्हीवर काय आलं? खेळ सुरू करायला दोन्ही हात वर करा. दोन्ही! ही माझ्याकडे बघायला लागली. मी पटकन बटण बंद केलं आणि ओरडलो, "फालतू आहे, एक गेम धड नाही याचा!" गेम चांगले होते हो. मला दुसरं काही सुचलंच नाही.

शेवटी आला पांढरा. बारका रिमोट, मनगटाला दोरी, हात झोकला की टीव्हीत चेंडू घरंगळतो आणि लाकडी बाटल्या धडाधड पडतात. चित्रं अगदीच बाळबोध, माणसांना पायसुद्धा नाहीत! निनाद म्हणाला, "ये तो बच्चों वाला है!" असू दे ना! मी ऑफिसातून आलो की ही स्कोअर सांगायची. नव्वद! एकशेदहा! मी विचारायचो, "उजव्यानं?" ही नुसती हसायची. मॅडमना विचारलं तर त्या म्हणायच्या, "देखते हैं, अंकलजी." मला वाटायचं, बाई कौतुकाला कंजूष आहे! एकशेऐंशी झाले त्या दिवशी मी गल्लीत घरटी घेवराची मिठाई वाटली. शेजारचे रणजीतजी म्हणाले, "बधाई हो, भाभीजी ठीक हो गईं!" मी म्हटलं, "एकदम!"

आणि परवा चष्मा विसरला म्हणून भरदुपारी घरी आलो. दारातूनच दिसलं. उजवा हात मांडीवर, उशीवर ठेवलेला... आणि डाव्यानं ही अशी झोकात चेंडू टाकत होती!

"अगं विभा... दोन महिने?"

"स्कोअर ऐकून तुम्ही दोन घास जास्त जेवायला लागला होतात हो," म्हणाली. "उजवा नाही हलत. मीही रोज सांगून बघते त्याला."

मला रडू आलं. सरळ सांगतो, चष्मा न घेताच उंबऱ्यावर बसून लहान पोरासारखा रडलो. तिनं रडू दिलं. मग म्हणाली, "झालं असेल तर तो दुसरा रिमोट घ्या. एकटीनं खेळून वीट आलाय मला."

घेतला. तासभर खेळलो. आणि तुम्हाला सांगतो... दोन्ही हात धड असलेला हा माणूस साठाच्या पुढे गेला नाही!