बिल्ला भरला

आई : भरदुपारी घरी? तू सुट्टी घेतलीस, की अणुभट्टीनं तुला दिली?

मुलगा : घरी पाठवलं. महिनाअखेर बिल्ले तपासायला घेतात ना, म्हणे, माझा भरला.

आई : तो छातीवर लावायचा? अंगावर किती किरण पडले ते सांगणारा?

मुलगा : तोच. आता वर्षभर भट्टीत पाऊल टाकायचं नाही. तपासायचं यंत्रच बिघडलंय त्यांचं, दुसरं काय!

आई : अगबाई! परवा शेजारीण विचारत होती, विहिरीचं पाणी प्यावं का, तर तू तिला अडाणी म्हणालास. ‘आमचे बिल्ले कोरे आहेत, बिल्ला खोटं बोलत नाही.’ कोरा होता तोवर हरिश्चंद्र, आणि भरला की लबाड?

मुलगा : टोमणे पुरे, आई. तो भरणं शक्यच नाही.

आई : का बरं?

मुलगा : नाही म्हणजे नाही.

आई : जन्म गेला माझा पोरांना शिकवण्यात. गृहपाठ न केलेलं पोर असंच जमिनीकडे बघतं. बोल.

मुलगा : मी तो लावतच नाही. कुणीच लावत नाही. भरला की काम बंद, पगार अर्धा. मुकादमच सांगतो, घरी ठेवून या म्हणून.

आई : वा रे वा! थर्मामीटर उशाखाली ठेवायचा आणि गावभर सांगत सुटायचं, ताप नाही! आणि त्याच कोऱ्या बिल्ल्यांच्या जोरावर तुमचे साहेब सभेत आम्हाला शहाणपण शिकवतात. म्हणे, दिसत नाही, वास नाही, चव नाही. किरणांबद्दल बोलत होते की स्वतःच्या लाजेबद्दल, कोण जाणे.

मुलगा : हस तू. पण घरात पडलेला बिल्ला भरेल कसा? म्हणून म्हणतो, यंत्र बिघडलं.

आई : थांब. एकेक पायरी चढू. घरात कुठे ठेवायचास?

मुलगा : कपाटात.

आई : तिथे मी रोज हात घालते. या महिन्यात नव्हता.

मुलगा : चिमीनं हट्ट धरला, बाबांचा बिल्ला मला हवा. तिच्या पलंगाच्या दांडीला अडकवून दिला.

आई : कपाटात होता तेव्हा?

मुलगा : कोरा.

आई : आणि पलंगाला अडकवल्यावर भरला. पलंग कसला आहे?

मुलगा : तुझ्यासमोरच केला की. पाइपांना वेल्डिंग करून.

आई : पाइप कुठले?

मुलगा : भंगारातले. भट्टीची दुरुस्ती झाली तेव्हा साहेबांनीच वाटले. म्हणाले, धुतलेत, काही धोका नाही. मी खूश होऊन सगळ्यात जाड बघून...

आई : कुणी तपासले होते?

मुलगा : आई...

(आतल्या खोलीत पलंग कुरकुरतो. कुणीतरी झोपेत कूस बदलतं.)

मुलगा : ती तिथेच झोपलीय?

आई : रडू नकोस. आधी तिला उचल. हळू, झोपमोड होईल तिची.