माचं विरजण

हॅलो?… हॅलो, पुतळी? मी लाखू… नाही गं, कुणाला काही झालं नाही. मा गेली, आता आणखी काय व्हायचं राहिलंय…

हो, जेवले. रोटला आणि मिरची… दूध आहे गं, म्हशी काय सुतक पाळतात? दूध आहे, दहीच नाही. त्यासाठीच फोन केला.

अगं ऐक ना. होळीला माचं विरजण नेलं होतंस बघ, डब्यात… हां, तेच. परवा बाराव्याला सगळ्या नेसाला, अख्ख्या वस्तीला ताक द्यायचं म्हणतेय मी. तिच्या विरजणाचं…

इथे? इथे कुठलं राहायला. माला बाहेर नेलं आणि जीवीफई लागली कामाला. शिजलेलं, विरजलेलं, सगळं ओतून टाकलं… नाही, बापाची बहीण ती, तिचं काय चुकलं? रीतच आहे आपली.

शेजारी? मलाही तेच वाटलं, सगळ्यांकडे माचंच विरजण. वाटी घेऊन दारोदार फिरले. पण अख्खं नेस आपली भावकी, सुतक सगळ्यांनाच. एकाच सकाळी सगळ्यांनी गाडगी उपडी केली… एकूण एक. पाबीकाकी म्हणते, "तुझ्या मानं दिलेलं विरजण, म्हणून सगळ्यांच्या आधी मी ओतलं." मानानं ओतलं गं त्यांनी.

नाही, रडत नाहीये. धूर आहे चुलीचा…

केलं काय तिनं जन्मभर, सांग ना. माहेराहून तांब्यात विरजण घेऊन आली, आणि रोज पहाटे घुसळत राहिली. दूध डेअरीला घातलं, पण ताकाचा पैसा घेतला नाही कधी. ती सोनबाई, आपल्याशी बोलायची नाही, पण लोटा घेऊन यायची. तोंड फिरवून उभी. मा तिचाच लोटा आधी भरायची… हो, आणि वर लोण्याचा गोळा.

मी नवरा गेल्यावर परत आले ना, तेव्हा एक शब्द विचारला नाही तिनं. रवीची दोरी हातात दिली, बस्स…

काय म्हणालीस? फडकं?… दुष्काळात गुरं घेऊन निघालो तेव्हा केलेलं, दह्यात भिजवून वाळवलेलं, दुधात टाकलं की दही लागायचं… अगं, मलाही आठवलं ते. तेव्हापासून दरवर्षी नवं करून ठेवायची. पेटी उघडली तर पेटी रिकामी… नाही, सापडलं. दोरीवर. फईनं सुतकाचे कपडे धुतले ना, त्यात तेही. पांढरंशुभ्र केलंय… हुंगलं गं. नुसता साबण.

म्हणून तर तुला फोन. आपला धाकटा राजदे उद्याच्या बसनं तुझ्याकडे राजकोटला येईल, चमचाभर दे त्याच्याकडे, पुरे. रात्रीत लागेल… हॅलो?… पुतळे?

तू का ओतलंस?

…अगं तू दिल्याघरची, तुला आमचं सुतक कसलं? कुणी सांगितलं?… कुणीच नाही. स्वतःहून… मा गेल्याचं ऐकलंस, फोन ठेवला आणि आधी तेच केलंस…

नाही गं, रागावले नाही… नाही म्हटलं ना. लेकीनं काही नको का करायला. मी असते तर मीही… गप आता. पोरं बघतील.

थांब जरा. दारात कडवीमा आलीय… "बसा कडवीमा, फोनवर आहे"… रोज येते गं, लोटा घेऊन. म्हातारीचे डोळे गेले, आठवण गेली, पाय मात्र वाट विसरले नाहीत. रोज सांगते मी, मा गेली. रोज नव्यानं रडते…

परवा? परवाचं काय, राजदे म्हणतो पिशवीचं दही आणू. आणेल. घुसळून देईन तेच…

कडवीमाला? कळणार कसं नाही? पहिल्या घोटाला कळेल तिला, मा गेली… काही नाही म्हणायची ती. "देव भलं करो" म्हणेल, लोटा उचलेल, जाईल. आणि मग यायची नाही.

…हो. ठेवते. ती हात पुढे करून बसलीय.